सव्विसावा आकडा

१

आमची शेड उद्यमनगरात. दोन लेथ, एक ड्रिल, मागे पाण्याचा नळ आणि वर गंजका पत्रा. पंपांची झाकणं यायची. ती टर्न करायची, भोकं पाडायची आणि शेवटी प्रत्येकावर नंबर ठोकायचा. लेथ दादाची, ड्रिल माझी. नंबर मात्र दादाच ठोकायचा.

त्यासाठी पोलादी पंच असतात. बोटाएवढे लांब, टोकाला एकेक इंग्रजी आकडा उलटा कोरलेला. जॉबवर, म्हणजे त्या झाकणावर, उभा धरायचा, वर हातोडीचा एक घाव. ठण्. आकडा लोखंडात उतरला. घाव एकच हवा. दुसरा बसला की आकड्याला सावली येते आणि पार्टी माल परत पाठवते. माझा हात हलतो. मी ठोकलेल्या प्रत्येक आकड्याला सावली असायची, म्हणून दादा मला हातोडीला हात लावू देत नसे.

दादा म्हणजे जिनेश. डिप्लोमा झालेला. मी नववीत गणितात आपटलो आणि शाळा सोडली ती सोडलीच. एकदा संध्याकाळी मशीन बंद केल्यावर तो मला म्हणाला, “चिराग्या, भागाकार येतो न्हवं तुला?”

“बारका येतो. मोठा न्हाय.”

“बारका-मोठा काय नसतंय त्यात. लांब असतंय फक्त.”

ब्लो-होल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची पोकळी, निघाल्यामुळे रिजेक्ट झालेलं एक झाकण आम्ही चहाचे कप ठेवायला वापरायचो. दादाने ते पुसलं आणि त्यावर तीन ठोकला. “ह्याला एकनं भाग जातोय. आता शेजारी असा आकडा लाव, की दोन्ही मिळून दोननं भाग गेला पाहिजे. मग तीन आकडे तीननं, चार आकडे चारनं. असं लांबवत न्यायचं.”

“त्यात काय एवढं? किती पण लांब जाईल की.”

“जा बघू.”

मी दोन दिवस फरशीवर खडूने मांडत बसलो. दहापर्यंत मजेत जायचो, अकरा-बाराला गाडी अडकायची. मी मनापासून शिव्या दिल्या. दादा हसत होता. “असले नंबर वीस हजारावर हायत. सगळे कुठं ना कुठं अडकतात. दहाच्या पुढं एक तर एकच आकडा बसतोय, न्हायतर एक पण बसत न्हाय. त्यात एकच पठ्ठ्या हाय पंचवीस आकडी. तो सगळ्यात लांब गेलाय.”

“आणि सव्वीस आकडी?”

“न्हाय.”

“कुणी तरी काढंल की.”

“कोण काढणार? दहा आकडे हायत. धाच्या धा लावून बघायचे, एक बी बसत न्हाय. भिंत हाय ती. भिंतीपलीकडं काय नसतंय.”

तेव्हापासून आमचा नेम झाला. रोज संध्याकाळी मशीन थंड झाली की मी फरशीवर भागाकार मांडायचा, बसणारा आकडा शोधायचा आणि मोठ्याने सांगायचा. मग मी मागच्या नळावर हात धुवायला जायचं आणि दादाने तो आकडा ठोकायचा. रोज एकच. मला भागाकार कधी यायला लागला तेही कळलं नाही. आम्ही बारा आकड्यांवर आलो होतो: ३६०८५२८८५०३६. दोन्ही सहांच्या खाली दादाने टिंब दिलं होतं. पंचाच्या डब्यात सहा आणि नऊ मिळून एकच पंच असतो. उलटा धरला की नऊ. म्हणून आमच्या धंद्यात सहाखाली टिंब देतात. त्या कप ठेवायच्या रिजेक्ट झाकणावरही दादा टिंब विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माल द्यायला राधानगरी रोडने गेला. पुढे उसाची ट्रॉली होती आणि ट्रॉलीला मागे दिवा नव्हता.

२

रक्षाविसर्जन झालं, पावणे परत गेले, आणि मी पहिल्यांदा शेडवर आलो. शटर वर केलं तेव्हा शेजारचे हंबीरराव धावत आले. त्यांचं ग्राइंडिंगचं दुकान. दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहून त्यांना हळू बोलताच येत नाही.

“आलास व्हय?” ते माझ्या तोंडासमोर ओरडले. मग खांद्यावर हात ठेवला, तोही दणकन. “जेवलास का? न्हाय? गाढवा, उपाशी राहून भाऊ परत येतोय का?” आणि त्यांनी एकदम डोळे पुसले. “तुझ्या आण्णाशी बोललोय मी. शेड मी घेतो, मशिनींसकट. तू माझ्याकडं कामाला राहा. एकट्यानं लेथ चालवायचं तुझं वय न्हाय.”

आण्णा म्हणजे आमचे वडील. गावाकडे, हातकणंगल्याजवळ, शेती करतात. शेडचा त्यांना कधी गंध नव्हता आणि आता तर त्यांना या शेडचं नावही नको होतं.

“बघू,” मी म्हणालो.

आत सगळं होतं तसंच होतं. दादाचा शर्ट खिळ्यावर. लेथच्या पट्ट्यावर धूळ. झाकणावर दोन कप, तळाशी वाळलेला चहा. मी कप उचलले.

झाकणावर तेरा आकडे होते.

मी परत मोजले. ३६०८५२८८५०३६, आणि शेजारी एक आठ.  मग मी स्वतःलाच समजावलं: जायच्या दिवशी सकाळी दादाने ठोकला असेल. त्याला आकडा माहीत होताच की. पण नेम मोडून? मी भागाकार न करता? आणि शेवटचा चहा आम्ही दोघांनी मिळून आदल्या संध्याकाळी प्यायला होता. तेव्हापासून कप जागचे हलले नसतील, तर कपाखाली आकडा कसा?

मी खडू घेतला आणि तिथेच बसून तेराने भागलं. बरोबर गेला. बाकी शून्य.

मला रडू यायला हवं होतं. मला हसू आलं. किती दिवसांनी!

३

त्या दिवशी मी एक जॉब केला, एवढ्याशा कामाला दुपार गेली. संध्याकाळी गल्लीतली मशीनं एकेक करून बंद झाली. नेमाप्रमाणे मी फरशीवर बसलो. चौदाने भागायचं होतं. भागाकार सरळ उतरला.

“चार!” मी मोठ्याने म्हणालो. कुणाला म्हणालो ते मला विचारू नका.

मग मागे जाऊन नळ सोडला. पाणी हातावर पडलं आणि माझ्या पाठीमागे, शेडमध्ये, आवाज झाला.

ठण्.

एकच.

मी ओल्या हातांनी तसाच पळत आलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. झाकणावर चार होता, ताजा. नवा ठोकलेला आकडा ओळखता येतो, त्याच्या कडा चांदीसारख्या चमकतात. मी बोट लावलं तर लोखंड कोमट होतं. आणि आकड्याला सावली नव्हती! एक घाव, सरळ, खोल. असा घाव अख्ख्या गल्लीत एकाच माणसाचा होता.

मी शटरही न ओढता कोपऱ्यावर पळालो. झुंबरबाईंच्या टपरीवर सात-आठ कामगार उभे होते.

“सगळ्यास्नी चहा द्या मावशी, माझ्याकडून!”

झुंबरबाईंनी गाळणी हातात धरून माझ्याकडे बघितलं. “काय रं, लॉटरी लागली?”

“त्याच्यापेक्षा मोठं.”

“लगीन ठरलं म्हणायचं,” एकजण म्हणाला.

“ह्याला कोण पोरगी देतंय,” दुसरा म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. माझं हसणं थांबेना तसे त्यांचे चेहरे बदलले. झुंबरबाईंनी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, “बाळा, घरी जा. आईजवळ बस जरा.”

४

रात्री अंथरुणात मात्र डोकं ताळ्यावर आलं. आकडे मीच ठोकत असलो तर? दुःखात माणसं काय काय करतात आणि त्यांना आठवत नाही. आमच्या गावात एकजण बायको गेल्यावर झोपेत उठून तिच्या नावाने पाणी भरायचा. पण मग घावाला सावली का नाही? माझा हात झोपेत कसा स्थिर होईल?

दुसऱ्या दिवशी मी पंचांचा डबा आणि हातोडी, दोन्ही पिशवीत घालून सकाळीच झुंबरबाईंकडे ठेवायला दिली. “कुणालाच द्यायची न्हाय. मला पण न्हाय.” शेडमध्ये आता ठोकायला काहीच नव्हतं. संध्याकाळी पंधराने भागलं. “शून्य!” आणि नळावर गेलो.

ठण्.

शून्य बसला होता. आमच्याच पंचाचा शून्य. त्याच्या डाव्या बाजूला एक बारीक टवका उडालेला आहे, तो टवकासुद्धा उमटला होता. मी टपरीवर जाऊन पिशवी उघडली. पंच तिथेच होते, सगळे.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तिथून जो पळाला असता तो परत आला नसता. मला वाटलं, मी उडत जाईन. मी नव्हतो ठोकत! मग कोण? आणखी कोण असणार?

आणि मी हावरटपणा केला. तिसऱ्या दिवशी दुपारीच मशीन बंद केली आणि सोळाने भागायला बसलो. शून्य. नळ. ठण्. लगेच सतराने. सात. नळ. ठण्. अठराने. आठ. ठण्. हात धुवून धुवून बोटं पांढरी पडली. प्रत्येक वेळी मी पळत येत होतो आणि प्रत्येक वेळी शेड रिकामी होती, पण नुकतीच रिकामी झालेली. खोलीतून कुणी आत्ताच उठून गेलं की हवा कशी असते, तशी हवा. मी मोठमोठ्याने बोलत होतो. आई कशी आहे, आण्णांनी कुठला ऊस लावला, म्हैस व्याली, सगळं सांगत होतो.

मग फरशीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. अठरा झाले होते. पंचवीसला भिंत.

एका दुपारीत मी तीन उडवले होते.

५

एकोणिसाव्याला घोळ झाला.

मी घाईत होतो. भागाकार करून आकडा शोधला नाही, उलटं केलं. नुसताच नळावर गेलो, म्हटलं आज त्याचं तो ठोकू दे, मी मागून तपासतो. ठण् आला. आकडा नऊ होता. एकोणिसाने भागलं, तर बाकी तीन.

परत भागलं. तीन.

माझं डोकंच फिरलं. दादा चुकत नाही. दादा एकदाही चुकलेला नाही. मी खडू भिंतीवर फेकला, तेलाचा डबा लाथाडला, आणि ओरडायला लागलो. “कोण हाय? कोण हाय आत? पुढं ये!” हंबीरराव हातातलं काम टाकून आले.

“काय झालं रं? साप निघाला काय?”

“चुकलंय! नऊ ठोकलाय! बाकी तीन येते!”

त्यांना काही कळलं नाही, पण ते झाकणावर वाकले, चष्मा कपाळावर नेला. “हे व्हय? लेका, हा सहा न्हवं काय? उलट्या बाजूनं बघतोयस तू. किती वर्षं झाली पंच हाताळतोस?”

खरंच. आकडे झाकणाच्या गोल कडेने वळत गेले होते, आणि एकोणिसावा माझ्या बाजूने उलटा दिसत होता. एकाच पंचाचा सहा आणि नऊ. इतके दिवस दुसऱ्यांना हसायचो त्या चुकीत मी स्वतः पडलो होतो. सहा धरून भागलं. बाकी शून्य! मी हंबीररावांना मिठीच मारली.

“सोड, सोड! ग्रीस लागलंय तुला.” ते मागे सरकले. मग परत झाकणाकडे बघून म्हणाले, “टिंब दिलं न्हाईस मात्र. तुझा भाऊ असता तर त्यानं कान पिळला असता.”

ते गेले. मी झाकणाजवळ तसाच उभा राहिलो. पहिल्या सहाखाली टिंब होतं. बाराव्या जागच्या सहाखाली टिंब होतं. एकोणिसाव्याखाली नव्हतं.

घाईत विसरला असेल, मी मनात म्हणालो. मरून गेलेल्या माणसाला कसली घाई, हा प्रश्न मी मनात येऊ दिला नाही.

६

आम्ही जैन, रात्रीचं जेवण आमच्याकडे सूर्यास्ताआधी. त्या रविवारी ताट पुढे घेऊन आण्णा म्हणाले, “पुढच्या सोमवारी हंबीररावाला किल्ली देऊन टाकायची.”

सोमवारी उद्यमनगर बंद असतं, म्हणून सोमवार.

मी सगळं सांगून टाकलं. आकडे, ठण्, टवका, सगळं. आई उठून आत गेली. आण्णा घास हातात धरून ऐकत होते. मला वाटलं, आता ते ओरडतील किंवा मला डॉक्टरकडे नेतील. त्यांनी घास ताटात ठेवला.

“बाळ, आपल्यात श्राद्ध का करत न्हाईत, म्हाईत हाय?”

“न्हाय.”

“पिंड न्हाय, कावळा न्हाय. कारण देह सुटला की जीव क्षणात पुढं जातोय. डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढा बी थांबत न्हाय. नवा देह धरतोय. तुझा दादा आत्ता कुठं तरी कुणाच्या तरी पोटात हाय. त्याला तू म्हाईत न्हाईस, तुझा नंबर म्हाईत न्हाय, शेड म्हाईत न्हाय.” त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. “मागं कोण राहत न्हाय, चिराग. तो तिथं असूच शकत न्हाय.”

“मग शेडात कोण हाय, आण्णा?”

त्यांनी ताट बाजूला सारलं.

“म्हणूनच किल्ली देतोय,” ते म्हणाले.

७

तो आठवडा मी काटकसरीने काढला. रोज एक आकडा, नेमाने. शून्य, तीन, सहा, सात, दोन. विसाचे एकवीस, एकविसाचे बावीस, असं करत शनिवारी चोवीस झाले.

बाविसावा आकडा सहाच होता आणि त्याच्याखालीही टिंब नव्हतं. त्याच शनिवारी मला ते बघवेना. मी सेंटर-पंच घेतला आणि स्वतः टिंब ठोकलं, एकोणिसाव्याखाली एक आणि बाविसाव्याखाली एक. माझी टिंबं, दोन-दोन घाव बसलेली, वाकडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्हती. कुणी घासून काढली असती तर घासल्याची रेघ राहिली असती. तिथलं लोखंड ओतल्यासारखं सपाट होतं. दादाची जुनी दोन टिंबंही गेली होती.

आणि पंचांचा डबा उघडा होता. झुंबरबाईंकडून मी तो केव्हाच परत आणला होता. सगळे पंच टेबलावर एका ओळीत उभे करून ठेवलेले, शून्यापासून आठापर्यंत. टेबलावर लोखंडाच्या किसाची बारीक धूळ असते. ओळ आठापाशी संपत होती, पण धुळीत पुढेही चौकोनी ठसे होते. पंच उभा करून उचलला की पडतो तसा एकेक ठसा. ओळ सरळ टेबलाच्या काठापर्यंत गेली होती.

मी ते बाहीने पुसून टाकले. घाबरलो होतो का? होतो. पण खरं सांगतो, त्याहून जास्त मला आकडे संपायची धास्ती होती, म्हणून रविवारी मी आकडा मागितलाच नाही. एक आकडा उरला होता. तो ठोकला की संपलं. संपलं की किल्ली. किल्ली दिली की या जगात दादाशी बोलायची एकही जागा उरणार नव्हती. मला भिंत नको होती. भिंतीपलीकडे काही नसतं हे मला दादाकडून ऐकायचं नव्हतं.

८

सोमवारी दुपारी गल्ली मोकळी होती. एकही मशीन नाही, एकही हॉर्न नाही, टपरी बंद. पत्रा उन्हाने तडतडत होता. हंबीरराव चारला येणार होते.

पंचविसावा भागाकार मी सावकाश केला. सोपा होता. “पाच,” मी म्हणालो. नळ. ठण्. पाच बसला: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी पुसत पुसत मांडलेले भागाकार होते आणि त्या सगळ्यांच्या खाली शून्य होतं. किती सुंदर दिसत होतं ते! दादाला दाखवावंसं वाटलं.

मग मी सव्विसाने भागायला घेतलं.

पुढे शून्य लावला तर बाकी बारा. एक लावला तर तेरा. दोन, चौदा. तीन, पंधरा. मी एकेक आकडा लावत गेलो. नऊ लावला तर एकवीस. तिथे आकडे संपले. सव्वीस पुरे व्हायला बारात चौदा मिळवायला हवे होते, आणि आपल्याकडे नऊच्या पुढे आकडाच नाही. सगळं पुसलं, परत मांडलं. बारा. परत मांडलं. बारा. दादा म्हणाला होता तेच. भिंत.

बाहेर हंबीररावांची मोटरसायकल थांबली. मी अजून गुडघ्यावरच होतो. काय झालं मला कळलं नाही. रोज संध्याकाळी ज्या आवाजात आकडा सांगायचो, त्याच आवाजात मी ओरडलो, “चौदा!”

आणि उठून नळावर गेलो. पाणी सोडलं. हात धुतले.

शेडमध्ये काहीच होईना. पाणी वाहत राहिलं. मी नळ बंद केला, आणि त्या शांततेत घाव पडला.

ठण्.

एकच. चौदा ठोकायला दोन घाव लागतात, एकाचा एक आणि चाराचा एक. मी कान देऊन थांबलो. दुसरा आला नाही.

मी झाकणापाशी आलो. पाचाच्या शेजारी एक खूण होती. पाचाएवढीच उंच, पाचाएवढीच खोल, कडा चमकणाऱ्या. ती कशी होती ते मी काढून दाखवणार नाही. एकदा प्रयत्न केला, हात वळला नाही. एवढंच सांगतो, की तिच्याकडे बघितल्याबरोबर मला चौदा कळले. पाच बघून पाच कळतात तसे. मोजावं लागलं नाही. आणि त्याच झटक्यात हेही कळलं, की नऊच्या पुढे आणि हिच्या अलीकडे अजून चार आहेत, आणि हिच्या पुढेही आहेत, भरपूर आहेत, आणि ज्याच्याकडे ते आहेत त्याच्यासाठी तिथे भिंतच नव्हती.

दादाला दहाच आकडे येत होते.

हे दादाचं काम नव्हतं. हा घाव नाही, आदला नाही, आणि कपाखालचा तो आठही नाही.

“चिराग्या!” अर्ध्या शटरखालून हंबीररावांचे बूट दिसत होते. “भावा, ये की बाहेर. आण्णा घरी वाट बघतोय. किल्ली दे, मी सोडतो तुला गावाकडं.”

मी गेलो. शटरला दोन्ही हातांनी लटकलो आणि ते आतून खाली ओढलं. कडी घातली.

“अरं! काय करतोस? चिराग!” त्यांनी पत्र्यावर थापा मारल्या. “उघड! आत एकटा बसू नको, पोरा!”

“एकटा न्हाय मी,” मी म्हणालो. ते खरंच होतं. आत दादा नव्हता. पण शेड रिकामीही नव्हती, आणि इतक्या दिवसांत माझं सगळं ऐकून घेणारं तेच एक होतं.  मी खडू उचलला.

सत्तावीस. त्या खुणेच्या जागी मी चौदा धरले आणि मांडत गेलो. सोपं होतं! इतकं सोपं, की मी मोठ्याने हसलो. शून्य लावला तर बाकी पंचवीस. म्हणजे दोन हवेत. साधा दोन, आमच्या डब्यातला!

“दोन!” मी ओरडलो. बाहेर हंबीरराव कुणाला तरी फोन लावत होते.

या वेळी मी नळावर गेलो नाही. डब्यातून दोनचा पंच काढला, शटरकडे तोंड केलं, आणि मान न वळवता तळहातावर पंच ठेवून हात मागे धरला.

बराच वेळ नुसतं ऊन पत्र्यावर वाजत होतं. मग हवा भरल्यासारखी झाली. पंच शोधत बोटं माझ्या तळहातावर टेकली, हलकी, कोमट, एकामागून एक. मी मोजायला लागलो. सवयच लागली होती. पाच झाली. मी हात मागे घेतला नाही. सहा झाली, सात झाली, आणि अजून टेकतच होती.